आसावरी गप्प बसते

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींमध्ये आसावरीला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तरीही तिला स्टेजवर उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. एकतीस वर्षं ती तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांची प्रॉम्प्टर होती. शाळेचं ऑडिटोरियम घेतलं की डाव्या विंगेत तिचं स्टूल लागायचं. मांडीवर संहिता, हातात छोटा टॉर्च. नट अडखळला की फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात ती पुढचा शब्द पुरवायची. कोण कुठे श्वास घेतो, कोण कुठल्या वाक्यापाशी हमखास घसरतो, हे तिच्या संहितेत पेन्सिलीने लिहिलेलं असे. दिवसा ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि तिथून थेट तालमीला यायची.

हे काम तिच्या वाट्याला आलं ते सांगलीला, कॉलेजात. नाटकात काम करायला वडिलांनी साफ नकार दिला होता. "स्टेजवर जायचं नाही. आत बसून वाचून दाखवणार असशील तर माझी हरकत नाही," असं ते म्हणाले, म्हणून ती आत बसली. त्या वर्षीचा नायक होता इंजिनिअरिंगचा सुमंत. दिसायला उमदा, आवाज खणखणीत, पाठांतर मात्र यथातथाच. शब्द आठवला नाही की तो कुर्त्याची बाही सारखी करत विंगेकडे दोन पावलं यायचा. प्रेक्षकांना तो अभिनय वाटायचा. आसावरीला कळायचं की स्वारी आता आपल्याकडे येतेय. पुढे लग्न झालं, सुमंतला शिकागोजवळ नोकरी लागली, मंडळाच्या नाटकांत तो नायक झाला आणि आसावरी इथेही विंगेतच बसली.

दोन वर्षांपूर्वी सुमंतला स्ट्रोक आला. पाय सुधारला; काठी घेऊन, जरा ओढत, पण तो चालू लागला. बोलणं मात्र नीट परत आलं नाही. त्याला समजायचं सगळं. शब्द तोंडापर्यंत यायचा नाही, नाहीतर भलताच यायचा. इंग्रजी जवळजवळ पुसलं गेलं होतं, मराठी तुकड्यातुकड्यांनी उरलं होतं. दर शनिवारी सकाळी गावच्या लायब्ररीत अशा लोकांचा एक गट जमायचा. घरच्यांनी आत बसायचं नाही असा तिथला नियम होता, त्यामुळे दोन तास आसावरीला काही काम नसायचं. मासिकं चाळून झाली की ती खिडकीशी बसून पार्किंग लॉट बघत राहायची.

मार्चमधल्या एका शनिवारी तिला समोरच्याच दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. परफॉर्मन्स वर्कशॉप. आर्ट स्कूलमध्ये कधीही न गेलेल्या कलाकारांसाठी. ब्लॅक, ब्राउन, एशियन, सगळ्यांचं स्वागत. फी नाही. 'परफॉर्मन्स' म्हणजे नाटकच असणार, आणि नाटक असेल तर पडद्यामागे हात लागतातच, असा विचार करून तिने दार ढकललं.

आत स्टेज नव्हतं. आठ-दहा माणसं बूट काढून जमिनीवर बसली होती. मधोमध एक उंच काळी बाई उभी होती, साठीच्या आसपासची, पिकलेल्या केसांच्या बारीक वेण्या घातलेली. तिचं नाव ओपल. बावीस वर्षं तिने शिकागोत सिटी बस चालवली होती.

"कलाकार आहेस का?" ओपलने विचारलं.

"नाही, नाही. मी प्रॉम्प्टर आहे," आसावरी म्हणाली आणि प्रॉम्प्टर म्हणजे काय ते तिने समजावून सांगितलं.

ओपलने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे एकतीस वर्षं नाटकात आहेस आणि स्वतःला कलाकार म्हणवत नाहीस. आम्हां सगळ्यांचं हेच झालंय. मला आर्ट स्कूलने दोनदा नाही म्हटलं, म्हणून मी लायब्ररीकडे खोली मागितली. बूट काढ आणि बस."

इथे नाटक करायचं नाही, असं ओपलने तिला सांगितलं. पात्र नाही, पाठ केलेलं काही नाही. आपण जे आहोत ते राहून लोकांसमोर एखादी गोष्ट करायची, आणि ती खरोखर करायची, करण्याचा आव आणायचा नाही. एकदा ओपल भंगारातून आणलेलं बसचं सीट घेऊन दिवसभर पार्कमध्ये बसली होती. जो कुणी शेजारी येऊन बसेल त्याला ती विचारायची, तुला कुठे जायचं होतं? लोक रडले म्हणे. एक माणूस तीन तास उठला नाही.

पहिल्या दिवशी एकेकाने खोलीच्या मधोमध दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं. आसावरीची पाळी आली. ती उभी राहिली, आणि मिनिटभराने तिच्या लक्षात आलं की आपण सरकत सरकत डाव्या भिंतीला जाऊन टेकलोय. सगळे हसले, तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसलो आपण, असं तिला परतताना गाडीत वाटलं. शेजारी सुमंत बसला होता. "मी एका वेड्या क्लासला जायला लागलेय," तिने त्याला सांगितलं. तो तिच्याकडे बघून काहीतरी बोलू पाहत होता. "मज्जा?" तिनेच शब्द दिला. त्याने मान हलवली.

चौथ्या शनिवारी मारिसोलची पाळी होती. मारिसोल चाळिशीची, मेक्सिकोतली, एका बेकरीत पहाटेच्या पाळीला काम करणारी. तिची आजी मिश्तेक ही तिथली आदिवासी भाषा बोलायची. मारिसोलला त्यातलं थोडंच येत होतं. आजी पीठ मळताना जे म्हणायची ते आठवायचा प्रयत्न लोकांसमोर करायचा, असं तिने ठरवलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, रिकाम्या हातांनी मळू लागली, आणि इंग्रजीत सांगता सांगता थांबली. तिचे हात चालू होते, ओठ उघडे होते. खोलीत कुणी हललं नाही.

"ममता?" आसावरी इंग्रजीत हळूच म्हणाली. "आशीर्वाद?"

मारिसोलचे हात थांबले. तिने आसावरीकडे पाहिलं, रागाने नाही, झोपेतून जागं केलेल्या माणसासारखं. "तो माझा शब्द नव्हता," ती म्हणाली. मग उठून तिने पँटचे गुडघे झटकले. "आज जाऊ दे."

वर्कशॉप संपल्यावर ओपल आसावरीजवळ आली. "तू भल्या मनाने केलंस, मला ठाऊक आहे. पण ती शोधत होती. तू तिचं शोधणं थांबवलंस."

आसावरीची कानशिलं तापली. एकतीस वर्षांत तिने कुणाला खाली पडू दिलं नव्हतं. त्याबद्दल लोक तिला हारतुरे देत आले होते. तिने "सॉरी" म्हटलं, पर्स उचलली, आणि पुढच्या शनिवारी ती त्या खोलीत गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खिडकीशी बसून ती पार्किंग लॉट बघत राहिली.

त्याच सुमारास एका रविवारी त्यांच्या मुलीचा, अनयाचा व्हिडिओ कॉल आला. अनया शिकागोत राहायची, वकील होती, मराठी सगळं समजायचं पण उत्तरं इंग्रजीत यायची.

"Hi Baba. What did you eat?"

सुमंतने तोंड उघडलं.

"उपमा," आसावरी म्हणाली. "आज मस्त झाला होता, दोनदा घेतला त्याने."

"And how's the group going, Baba?"

"छान चाललंय. तिथे एक रिटायर्ड पोलीस आहे, त्याच्याशी गट्टी जमलीय त्याची."

"Aai," अनया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "I'm asking Baba."

"अगं, त्याला त्रास होतो, म्हणून मी…"

"I know. I have time."

आसावरी गप्प बसली. अनयाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि तेव्हा आसावरीला जे दिसलं ते तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण तेवढा वेळ ती कधी थांबलीच नव्हती. प्रश्न संपताक्षणी सुमंतने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. त्याने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. शब्द सापडेना म्हणून पाहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याने शोधायला सुरुवातही केली नव्हती. विंग तयार होती, तो सरळ विंगेकडे आला होता.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सुमंत वाट बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, "ते… हे," आणि हसून त्याने हात झटकला. अनया म्हणाली, "That's okay, Baba." कॉल संपल्यावर आसावरी स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ उगाच सोडून उभी राहिली. स्पीच थेरपिस्टने अगदी सुरुवातीला सांगितलं होतं, त्यांना वेळ द्या. आपण देतोय असंच ती समजत होती.

पुढच्या शनिवारी मारिसोल स्वतःच तिला शोधत आली. हातात बेकरीची कागदी पिशवी होती. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि गोड पाव काढून एक तिला दिला. लायब्ररीत खायला बंदी होती. दोघींनी पिशवीआड खाल्ला.

"मंगळवारी आठवलं," मारिसोल म्हणाली. "पहाटे चार वाजता, कामावर. पीठ हातात होतं आणि आलं आपोआप." तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. आसावरीच्या कानाला ते पटकन पकडता आलं नाही. अर्थ काहीसा असा होता की, घाई करू नकोस, ते श्वास घेतंय.

"मी तुझ्या मध्ये आले," आसावरी म्हणाली.

"आलीस." मारिसोलने बोटं चाटली. "माझी मुलं पण येतात. मला इंग्रजी शब्द अडला की लगेच देतात, प्रेमाने देतात. मी आता अर्धं वाक्य बोलून सोडून देते." मग तिने मनगटाने तोंड पुसलं. "चल आत. तू नसलीस की ओपल सगळ्यांना उगाच दम देत बसते."

त्या दिवशी आसावरीने खोलीत जाऊन, मधोमध उभं राहून, सुमंतबद्दल सांगितलं. सगळं इंग्रजीत, अडखळत. ती अडली तेव्हा कुणी मदत केली नाही. सुरुवातीला तिला तो दुष्टपणा वाटला. मग हळूहळू लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघतायत, कुणी घड्याळ बघत नाहीये. वाक्य आपल्या पायांनी येईपर्यंत खोली थांबली होती.

तिची गोष्ट तिथूनच ठरली. जूनमध्ये वर्कशॉपचा शेवट होता, लोकांना बोलावून प्रत्येकाने आपापलं काम दाखवायचं होतं. आसावरी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडणार होती. एका खुर्चीवर ती. समोरच्या खुर्चीवर ज्याला वाटेल त्याने यायचं, ज्याच्याकडे अडलेलं काही असेल त्याने. विसरलेला शब्द, न बोललेलं वाक्य, काहीही, कुठल्याही भाषेत. ती काही बोलणार नव्हती, मदत करणार नव्हती. ते येईपर्यंत थांबणार होती, नाही आलं तरी थांबणार होती.

"सोपं वाटतंय," आसावरी म्हणाली.

"करून बघ," ओपल म्हणाली.

सोपं अजिबात नव्हतं. सरावाला समोर कुणी बसलं की आसावरीचे ओठ आपोआप हलायचे. "ओठ," ओपल भिंतीशी बसून म्हणायची. आसावरी ओठ मिटायची, तर भुवया वर जायच्या. "भुवया," ओपल म्हणायची. एकदा मारिसोल म्हणाली की हिचे कानसुद्धा प्रॉम्प्ट करतात, आणि आसावरीला इतकं हसू आलं की तो सराव तिथेच संपला. घरी ती सुमंतसमोर बसून हेच करू लागली. आधी तो वैतागला. एका सकाळी त्याने चमचाच आपटला. तिला रडू आलं, पण त्याला हवी असलेली साखर तिने पुढे केली नाही, आणि त्यालाही शब्द मिळाला नाही. उठून त्याने स्वतः डबा घेतला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी फारसे बोलले नाहीत, पण दुपारी तो टीव्ही बघताना तिच्या शेजारी येऊन बसला.

शेवटच्या शनिवारी लायब्ररीच्या मोठ्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. अनया सुमंतला घेऊन आली आणि दोघं दुसऱ्या रांगेत बसले. मंडळातर्फे नाटकं बसवणारे प्रताप काकाही आले होते, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे संशयाने बघत. मारिसोलने खऱ्या पिठाचा गोळा मळला आणि आजीचं वाक्य म्हटलं. मग आसावरीचं टेबल मांडलं गेलं.

ती जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले. आपण खोलीच्या मधोमध आहोत आणि सगळे आपल्याकडे बघतायत, हे तिला कळत होतं. भरल्या प्रेक्षकांसमोर, सहासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा.

एक तरुण मुलगी आली, डोळ्यांत पाणी घेऊन बसली, काही न बोलता गेली. एक म्हातारा फिलिपिनो गृहस्थ आला. त्याने बऱ्याच वेळाने एक नाव उच्चारलं आणि तो उठला. मग खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या रांगेत हालचाल झाली. सुमंत काठी टेकून उभा राहत होता. अनयाने त्याचा दंड धरला, "Baba, no, it's for…" तो थांबला नाही. अनयाने हात सोडला.

हे ठरलेलं नव्हतं. तो पाय ओढत आला, खुर्ची धरून खाली बसला, काठी टेबलाला लावली. मग त्याने आसावरीकडे पाहिलं, नेहमीसारखं.

ती थांबली. त्याने तोंड उघडलं, मिटलं. जागच्या जागी थोडा सरकला, कपाळाला आठी पडली. पाणी हवंय, आसावरीला वाटलं. पाणी मागताना तो असाच चुळबुळ करतो. शब्द तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबला. तिने जीभ दातांखाली धरली. ओठ मिटले. भुवया सांभाळल्या. सुमंतच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, मग विनवणी. ती तिला सोसवेना, पण तिने नजर हलवली नाही. मागे कुणीतरी खोकलं.

आणि मग सुमंतची नजर तिच्यावरून निघाली. ती टेबलावर गेली, छताकडे गेली, खोलीभर फिरली. तो शोधायला निघाला होता. आसावरीला वाटलं, त्याच्याबरोबर आपणही चालतोय, फक्त मागून.

"खु…" तो म्हणाला. बराच वेळ गेला. "खुर्ची."

त्याला पाणी नकोच होतं.

"खुर्ची. टणक." त्याने हाताने बसायची जागा चाचपली. मग तिच्या बाजूला बोट केलं, आणि ते बोट हवेत धरून तो पुन्हा शोधायला लागला. "तुझी… पण? अशीच?"

तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. दोन वर्षं तो चुळबुळ करायचा आणि ती त्याला पाण्याचा ग्लास आणून द्यायची. बिचारा पितही असे. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तिने जोरजोरात मान हलवली. हो, माझीही टणक आहे. सुमंतने समाधानाने मान डोलावली, जणू एक महत्त्वाची गोष्ट मार्गी लागली.

तो उठेना. खुर्ची टणक असूनही तिथेच बसून राहिला. पुढची बाई येऊन उभी होती. तेव्हा मारिसोलने पिठाळलेल्या हातांनी तिसरी खुर्ची आणली, आणि उरलेला वेळ आसावरी आणि सुमंत, दोघंही, येणाऱ्या माणसांची वाक्यं येईपर्यंत थांबले. प्रताप काकाही येऊन बसले. त्यांनी दोन वेळा घसा साफ केला आणि सुमंतला म्हणाले, "मी भेटायला यायला हवं होतं रे. मला सुचत नव्हतं काय बोलायचं." सुमंतने त्यांच्या हातावर हात ठेवला.

निघताना ओपलने आसावरीला मिठी मारली आणि सुमंतशी हात मिळवला. गाडी आसावरीने चालवली, सुमंत शेजारी, अनया मागे. पहिल्याच सिग्नलला सुमंत म्हणाला, "त्या… बाईंना…" आणि थांबला. मागून अनयाने पुढे वाकून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग ती पुन्हा मागे टेकली. सिग्नल सुटला. मॉल गेला, देशी किराण्याचं दुकान गेलं. घराचं वळण आलं तेव्हा तो अजून शोधतच होता. ड्राइव्हवेत गाडी थांबली की दारं उघडायची, पिशव्या काढायच्या, गडबड होते. आसावरी वळलीच नाही. घराजवळच्या तळ्याला वळसा घालून तिने एक फेरी मारली.

दुसऱ्या फेरीत, शेजाऱ्यांच्या मॅग्नोलियापाशी, सुमंत म्हणाला, "घरी बोलवू."

"कधी?" आसावरीने विचारलं, आणि घरावरून गाडी पुढे नेली.